मनीचे पाय भुईला लागू न देता

मुंबईचे वाचक रोज आमच्या तालुक्यातलं पाणी पितात, पण आमचा तालुका कुठं आहे हे त्यांना ठाऊक नसतं. तानशाचं तळं यंदा भरलं की नाही एवढं वर्तमानपत्रात वाचायचं आणि नळ सोडायचा. त्या तळ्याच्या आसपास माणसं राहतात, त्यांना पोरं होतात, आणि ती पोरं कडेवर घेऊन कुणाला तरी ह्या गावाहून त्या गावाला जावं लागतं, हे कुणी छापत नाही. म्हणून मी लिहायला बसलो आहे. हिमालय वगैरे काही नाही. शहापूरहून मुरबाड तालुक्यातल्या वैशाखऱ्याला गेलो आणि परत आलो. नकाशावर वीतभरसुद्धा भरणार नाही. पण लिहिताना अजून खांदा दुखतो आहे, आणि तक्रार केल्याशिवाय मला लिहिता येत नाही, हे आधीच सांगून टाकतो.

शहापूर

माझी बायको शालिनी वैशाखऱ्याच्या पलीकडच्या एका वाडीत शिक्षिका आहे. दिवाळीनंतर वरून हुकूम आला आणि ती गेली. वाडीतल्या शाळेला दुसरं माणूस नाही; ती निघाली की शाळा बंद. ज्या साहेबानं तिला तिथं धाडलं त्याला दोन पोरं आहेत की नाही मला माहीत नाही, पण तो ती स्वतः सांभाळत नसणार एवढं लिहून देतो. आमच्या दोघी मुली माझ्याकडे राहिल्या: सुमी चार वर्षांची आणि मनी तेव्हा जेमतेम बसू लागलेली. माझी विधवा आत्या, तिला आम्ही सगळे आक्का म्हणतो, ती घर बघते. मी जंगल-कामगारांच्या मजुरीसाठी समितीचं काम करतो. म्हणजे पत्रकं लिहितो, वाटतो, आणि ती पत्रकं कोण वाचतं ह्याचा विचार करत नाही.

मनी बसली ते शालिनीनं पाहिलं होतं. बाकी सगळं तिला पत्रातून कळलं. रांगायला लागली, पत्र. खालचे दोन दात आले, पत्र. उंबरठा ओलांडला तेव्हा आक्कानं रीतीप्रमाणे गोडाचे उंबरे केले आणि कर्मकांडाविरुद्ध पत्रक काढलेल्या मीच त्यातले सगळ्यांत जास्त खाल्ले, तेही कळवलं. शालिनीचं उत्तर नेहमी लांबलचक येई. माघ संपता संपता आलं ते एका ओळीचं होतं: "पहिलं पाऊल तरी मला बघू द्या."

आणि इकडे मनी कपाटाला धरून उभी राहायला लागली होती. एक दिवस तिनं कपाट सोडलं, जागच्या जागी डोलली आणि बसली. आता आज की उद्या.

"मी हिला घेऊन जातो वैशाखऱ्याला," मी आक्काला म्हटलं. "तिथं पोचल्यावरच खाली सोडीन. तोवर पाय भुईला लागू द्यायचे नाहीत."

आक्का तांदूळ निवडत होती. "अरे, पोर आहे ते. तुझी मिरवणूक नाही, तू म्हणशील त्या नाक्यावर थांबायला."

"मग सोडणारच नाही खाली."

"दोन दिवस?"

"दोन दिवस."

"बरं झालं," आक्का म्हणाली, "बायका जन्मभर उचलतात तेव्हा कुणाला पत्रक काढावंसं वाटलं नाही. जा. आणि सुमीलाही ने, मागं राहिली तर माझं डोकं खाईल."

दोन वाटा होत्या. आगगाडीनं कल्याण, तिथून एस.टी.नं मुरबाड आणि पुढं. ही शहाण्या माणसाची वाट. दुसरी किन्हवलीवरून, काळू नदी ओलांडून, सरळगावला मुरबाडच्या सडकेला लागायचं. किन्हवलीला मला पत्रकांचा गठ्ठा पोचवायचा होता. एका फेरीत दोन कामं, म्हणून मी दुसरी धरली. दोन पोरं बरोबर असताना एका फेरीत एकही काम होत नाही, हे मला त्या वेळी ठाऊक नव्हतं.

किन्हवली

शालिनीच्या जुन्या लुगड्याची झोळी करून मनीला मी छातीशी बांधली होती. पेठेतून जाताना एका दुकानदारानं विचारलंच, "काय हो, दूधपण पाजता का?" सभेत मी ह्याहून वाईट ऐकलं आहे आणि परत सुनावलंही आहे. पण हातात पोर असलं की उत्तर सुचत नाही. लक्ष सगळं टोपडं कुठं पडलं इकडे असतं.

एस.टी.त माझ्या शेजारी डोळखांबकडची एक बाई होती, मांडीवर करंडी घेतलेली. तिनं सुमीकडे बघितलं, झोळीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"आय कुठाय यांची?"

"शाळेत."

"या वयात शाळंत?"

"शिकवते ती. मास्तरीण आहे."

"आनि तुमी?"

मी समितीचं नाव सांगितलं. बाईनं मान हलवली आणि सुमीच्या हातावर करंडीतली बोरं ठेवली. बाप असून नसल्यासारखाच, हा निकाल मान हलवण्यातच आला होता.

पुढं मनीनं करायचं ते केलं. आक्कानं दिलेली फडकी पिशवीत, पिशवी टपावर. हाताशी होता तो फक्त पत्रकांचा गठ्ठा. ‘जंगल-कामगार बंधूंनो, जागे व्हा’ ह्या मथळ्यासकट मी एकेक कागद ओढत गेलो. गुळगुळीत कागद वापरण्याचा आग्रह मीच धरला होता. त्याचा पश्चात्ताप झाला. मागचा एक म्हातारा म्हणाला, "आज पयल्यांदा कामाला आलं बगा तुमचं कागद."

कंडक्टर म्हणाला, "साहेब, पोरीला जरा खाली उभी करा. कडेला एक मानूस बसवू."

"खाली उभी करणार नाही."

"का वो?"

मी झोळीची गाठ घट्ट केली. करंडीवाल्या बाईच्या तोंडावर मात्र एकदम दया पसरली. तिनं हळूच मनीचा पाय हातात घेऊन चोळला. "अधू हाय का गो पोर? आमच्याकडं तेल देनारा हाय एक."

"नाय," सुमी बोरं चघळत म्हणाली. तिला कुणाचीही बोली लगेच लागते. "पाय चांगले हायेत. बाबा तिला चालूच देत नाहीत."

पुढं बरीच वाट गाडीत कुणी माझ्याशी बोललं नाही.

किन्हवलीला समितीच्या माणसाकडे उरलेला गठ्ठा टाकला. त्याच्या घरी तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं जेवलो. म्हणजे सुमी जेवली, मनीनं माझ्या ताटात हात घातले आणि मी उभ्यानं काय तोंडात पडलं ते गिळलं. घरात सभेला येणारे चार तरुण जमले. त्यांनी मला कूपात तोडीची मजुरी ह्या वर्षी किती धरायची असं विचारलं. कूप म्हणजे जंगलाचा तोडीसाठी नेमून दिलेला तुकडा. ह्या विषयावर मी झोपेतही बोलतो. पण बोलायला तोंड उघडलं की मनी त्यात बोट घाली. शेवटी चर्चा त्यांनीच केली आणि मी नसताना घेतात तसाच निर्णय घेतला. चांगला घेतला. ह्याचाही मला राग आला.

पुढं बैलगाडी मिळेल असा हिशेब होता. एकही मिळाली नाही. पंचक्रोशीतल्या सगळ्या गाड्या ठेकेदाराची लाकडं ओढायला लागल्या होत्या. म्हणजे माणसांनी चालायचं आणि लाकडांनी गाडीत बसायचं. हे वाक्य मला वाटेतच सुचलं, पुढच्या पत्रकात घालण्यासारखं. पण लिहून घ्यायला हात मोकळा नव्हता.

"बाबा, किती लांब?" सुमीनं विचारलं.

"हे काय, पलीकडे. मोठी ना तू? चल."

ती चालली.

ज्यांनी हा मुलूख पाहिला नाही त्यांना सांगतो: फाल्गुनात इथं हिरवं काही शोधावं लागतं. भाताची खाचरं वाळून भेगाळलेली. राबासाठी, म्हणजे भाताची रोपं करायच्या जागेवर, पालापाचोळा पसरून भाजलेला, त्यामुळे पिवळ्या रानात मधूनमधून काळे चौकोन. पळस तेवढा पेटलेला. मागं वळलं की माहुलीचे सुळके धुरकट दिसतात आणि पुढं सह्याद्रीची भिंत, ती जवळ येतच नाही. मोहाच्या झाडांखाली फुलांचा आंबूस गोड वास. सुमी फुलं वेचायला थांबे आणि मग पळत येऊन मला गाठी. मी थांबत नव्हतो. थांबलो असतो तर बसलो असतो, आणि बसलो की मनी झोळीतून बाहेर पडायला धडपडे. ती पाय झाडत होती. तिच्या पायांना माझा बेत ठाऊक नव्हता.

काळूकाठची वाडी

दिवस कलायला आम्ही नदीअलीकडच्या वाडीत पोचलो. पदू नावाचा माझा जुना सोबती तिथं राहतो. मजुरीच्या मोर्चात तो सगळ्यांत पुढं होता आणि घोषणा मात्र अजिबात देत नव्हता. अंगणात पाऊल ठेवलं तर पदू स्वतः एक पोर कमरेवर घेऊन दुसऱ्याचं नाक पुसत होता. कुणी त्याच्याकडे बघत नव्हतं, कुणी हसत नव्हतं. आमच्या शहापुरात बापानं पोर उचललं की तमाशा होतो. इथं ती बघण्यासारखी गोष्टच नव्हती. मी ती बघत उभा राहिलो.

"बसा ना दादा," पदू म्हणाला. "मास्तरनीकडं चाललाव?"

पदूची आई हिरामाय अंगणाच्या मधोमध बसली होती आणि तिच्याभोवती वाडीतली सगळी बारकी पोरं होती. बाया उजाडताच कूपात कामाला जातात, त्या सांजेला येतात. तोवर पोरं हिरामायची. तिला दिसतं कमी, पण कुणाचं पोर कुठं सरकलं ते आवाजावरून कळतं.

"झोळी सोड की," ती मला म्हणाली. "पोर शिजंल त्यात."

मी सगळं सांगितलं. दमलेला माणूस फार बोलतो. पत्र, एक ओळ, दोन दिवस, पाय भुईला नाही. तोवर बाया डोक्यावरचे जळणाच्या फाट्यांचे भारे टाकून आल्या होत्या. पदूची बायको जनी चुलीकडे वळता वळता थांबून ऐकत राहिली. माझं संपल्यावर ती हसली नाही, ह्याचं मला बरं वाटलं. मग सगळ्याच हसल्या.

"आनि पोरीनं झोळीतच पाय टाकला तं?" जनीनं विचारलं.

"तो धरायचा नाही."

"बरा कायदा हाय तुमचा."

नाचणीची भाकर आणि सुकटीचं कोरड्यास होईपर्यंत मी कुडाला पाठ लावून बसलो. मनी माझ्या मांडीवर, माझे दोन्ही हात तिच्या पोटाभोवती. पाय लांब केले एवढं मला आठवतं.

जागा झालो तो हसण्याच्या गलक्यानं. मांडी रिकामी होती. अंगणाच्या पार टोकाला, कोंबड्यांच्या खुराड्यापाशी मनी बसली होती, दोन्ही तळहात राखेनं माखलेले, आणि एक कोंबडी कलकलाट करत कुंपणावर चढली होती. बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. मी उठलो आणि सगळे एकदम गप्प झाले.

"चालली ना ही?" मी ओरडलो.

"कोन?" हिरामाय म्हणाली.

"मनी! चालत गेली ना तिथवर?"

"नाय बा. आमी नाय बगितली."

"मग हसलात कशाला?"

"कोंबडी हसवती आमाला," जनी म्हणाली.

"चालली!" सुमी जागच्या जागी उड्या मारत होती. "बाबा, चालली! कोंबडीच्या मागं चालली, हात असे असे केले आणि मग पडली!"

"तू ल्हान हायेस गो," हिरामाय तिला म्हणाली. "सांजचं दिसतं आसं कायबाय."

मी एकेकीकडे पाहिलं. ते चेहरे माझ्या ओळखीचे होते. रखवालदार येऊन साग कुणी तोडला म्हणून विचारतो तेव्हा अख्खी वाडी असाच चेहरा करते. मी स्वतः ठेकेदाराविरुद्ध जबान्या गोळा करायला आलो होतो तेव्हा मलाही हाच चेहरा मिळाला होता आणि मी चिडून परत गेलो होतो. आमी नाय बगितलं. त्याच्यापुढं कुणाचा बाप जाऊ शकत नाही.

पदू मला नदीकडे घेऊन गेला. पाणी घोट्याइतकंच होतं. मी त्यात पाय सोडून बसलो.

"दादा, बायका कामावं जातात," तो म्हणाला. "पोरं म्हातारीपाशी. पोर दुपारचं चाललं तं म्हातारी बोलत नाय. कोनच बोलत नाय. सांजची आय येते, पोर तिच्या म्होरं चालतं, ती वराडते, चाललं गो चाललं! म्हातारी म्हनते, आगो खरंच! तवा पयलं."

"आणि आईला कळत नाही?"

"कळतं ना. तीपन दुसरीच्या पोराला तसंच म्हनते."

"मग हे खोटं कशाला?"

पदूनं जरा विचार केला. "खोटं कुठं? कोन इचारतंय?"

मला संताप आला, आणि तो नेमका कुणाचा ते ठरवता येईना. वाडीचा येत नव्हता. ज्या कामावर बाईला पोराचं पाऊल बघायला सवड नाही, त्या कामाचा येत होता. मजकूर आपोआप जुळत गेला: जे माणसाचे दिवस विकत घेतात ते त्या दिवसांत काय काय असतं त्याचा विचार करत नाहीत, वगैरे. चांगला झाला असता. पण पेन्सिल खिशात होती आणि खिशापर्यंत हात जाईना. शिवाय मला ठेकेदारानं झोपवलं नव्हतं. मी आपणहून झोपलो होतो.

वैशाखरे

दुसऱ्या दिवशीची सरळगावपर्यंतची पायपीट आणि मुरबाडहून बाजाराची माणसं भरून आलेली एस.टी. ह्यांचं वर्णन करत नाही. एवढंच सांगतो की मनी आदल्या दिवशी ओझं होती आणि त्या दिवशी मोर्चा झाली. तिला पायांचा शोध लागला होता. तिनं माझ्या बरगड्या, पोट आणि एका तलाठ्याचा चष्मा तुडवला. तरी मी तिला खाली सोडली नाही. आता कशासाठी, ते मला विचारू नका. सुमी दांड्याला धरून उभी होती. टोकावड्याला उतरून पुढं वैशाखरे, आणि वैशाखऱ्याच्या पलीकडे वाडीची पायवाट. समोर घाट उभा राहिला होता आणि ऊन त्याच्यावरून परत अंगावर येत होतं.

शाळा म्हणजे कुडाच्या भिंतींची एक पडवी. आतून पाढे ऐकू येत होते. शालिनी दारात आली, हातात खडू, पहिल्यापेक्षा काळवंडलेली आणि वाळलेली. सुमी धावत जाऊन तिच्या पायांना बिलगली. शालिनीनं एका हातानं तिला धरलं आणि दुसरा मनीकडे केला.

मनीनं तिच्याकडे पाहिलं आणि किंकाळी फोडली. माझ्या मानेत तोंड खुपसलं, बंडी मुठीत धरली आणि अशी रडायला लागली की आतले पाढे थांबले.

शालिनीनं हात मागं घेतला. "असू दे," ती म्हणाली. "शाळा सुटायला वेळ आहे अजून. तुम्ही आंब्याखाली बसा." ती आत गेली. मग तिचा आवाज आला, सातचा पाढा पहिल्यापासून.

मी आंब्याखाली बसलो. मोहोराची बारीक फुलं अंगावर पडत होती. मी विचार करत होतो की हे सगळं कुणाला सांगायचं. सभेत मी स्त्रियांच्या श्रमांबद्दल बोलतो तेव्हा टाळ्या पडतात. आपलं पोर आपल्याला बघून किंचाळलं आणि तरी बाई आत जाऊन पाढे घेते, ह्यावर मला एक वाक्य सुचलं नाही.

शाळा सुटली. शालिनी आली आणि आमच्यापासून थोडं लांब, मातीतच बसली. तिनं मनीला हाक मारली नाही, बघितलंही नाही. सुमीचे केस सोडून तेच परत विंचरत राहिली. शाळेतली पोरं घरी जायचं सोडून भोवती उभी होती. मी मनीला मांडीवरून उतरवली. दोन दिवसांत पहिल्यांदा मी आपल्या हातानं तिचे पाय भुईला लावले.

ती माझा गुडघा धरून उभी राहिली. मग गुडघा सोडला. आणि निघाली. आईकडे नव्हे. पडवीच्या दारात पाट्यांची रास होती, तिकडे. हात दोन्हीकडे पसरलेले, पोट पुढं, जणू वाऱ्यात चालली आहे. शालिनीचा फणीचा हात सुमीच्या केसांत तसाच थांबला. मनी तिच्या अगदी जवळून गेली, एक पाऊल वाकडं पडलं आणि ती बदकन बसली. उठायला काहीतरी हवं होतं. जवळ शालिनी होती. मनीनं तिच्या पदराला धरलं, मग दंडाला, आणि उठून उभी राहिली. खांब धरून उठतात तसं. शालिनीही खांबासारखीच बसून होती.

मनी उभी राहून तिच्याकडे बघत होती. मग तिनं शालिनीच्या नाकाला हात लावला.

"पहिलं?" शालिनीनं मला विचारलं. मान न वळवता.

सुमी माझ्याकडे बघत होती. हो म्हणायला काही लागत नव्हतं. काळूकाठी सगळी वाडी माझ्या बाजूनं उभी होती. पण कुणी विचारलंच तर काय, हे मी पदूला विचारायचं विसरलो होतो.

"नाही," मी म्हटलं. "काल, काळूकाठच्या वाडीत. कोंबडीच्या मागं."

"कसं टाकलं?"

"मी झोपलो होतो."

आता तिनं मान वळवली. "म्हणजे तुम्हीही नाही पाहिलंत?"

"नाही."

ती हसायला लागली. इतकी हसली की मनी घाबरून परत तिच्याच दंडाला लोंबकळली. "दोन दिवस छातीशी बांधून आणली," ती डोळे पुसत होती आणि हसत होती, "आणि तुम्हीही नाही पाहिलंत!" मला कुणी इतकं हसलेलं चालत नाही. पण ती किती महिन्यांनी हसत होती कोण जाणे. मी चालवून घेतलं.

वाडीत आम्ही होळीपर्यंत राहिलो. शालिनीनं पोर चालू लागलं की करतात त्या लाल भोपळ्याच्या पाऊलघाऱ्या केल्या आणि शाळेतल्या सगळ्या पोरांना वाटल्या. मनी सगळीकडे चालली: पडवीत, पाणवठ्यावर, दुसऱ्यांच्या चुलीपर्यंत. रात्री ती अजून माझ्याकडेच झोपत होती. मग एका रात्री शालिनीकडे झोपली.

निघायच्या आदल्या दिवशी शालिनी म्हणाली, "मनी इथं राहील."

मी लगेच मुद्दे मांडले. पाणी लांब आहे. ताप आला तर दवाखाना मुरबाडला. पावसाळ्यात वाट बंद. आवाज चढवून मांडले, नेहमीची सवय.

"इथल्या पोरांना आहे का जवळ दवाखाना?" ती म्हणाली. "त्यांच्यासाठी पत्रकं काढता ना? मग तिच्यासाठीही काढा. उचलून घ्यावं लागत होतं तोवर मला जमत नव्हतं. खडू धरू की पोर धरू? आता चालते ती. मोठ्या मुली आहेत वर्गात. बसेल मागं."

"आणि मी?"

"तुम्ही पत्र लिहाल. मी लिहीन. पहिला शब्द कळवीन तुम्हाला."

जे पाऊल मी दोन दिवस अडवून धरलं होतं, तेच टाकून मनी माझ्याकडून गेली. सकाळी आम्ही निघालो तेव्हा ती एका पाटीवर खडूनं रेघोट्या ओढत होती. मी दोनदा हाक मारली. तिनं वर बघितलं, आणि मग पाटीकडे. रडेल असं वाटलं होतं. ती रडली असती तर मी काय केलं असतं माहीत नाही, पण रडायला हवी होती.

परत

आलो त्याच वाटेनं परतलो. मुरबाडहून कल्याणला जाऊन आगगाडी गाठायची शहाणी वाट होती, पण मला त्या दिवशी कुणी भेटायला नको होतं. नदी ओलांडली. काळूकाठच्या वाडीत पदू कामावर गेलेला, हिरामाय पोरांत बसलेली. तिनं पायांचा आवाज ऐकून विचारलं, "दुसरी कुठाय?" मी सांगितलं. "बरं झालं," ती म्हणाली आणि मग, "तुमाला जड जाईल जरा."

वाडी मागं टाकली, चढण चढलो. झोळीचं लुगडं घडी करून पिशवीत होतं. हात मोकळे, दोन्ही खिशांपर्यंत जात होते. पेन्सिल काढली, कागद काढला आणि तसेच ठेवून दिले. मोहाची फुलं संपत आली होती. मी झपझप चालत होतो. ओझं नसलं की पाय आपोआप उचलतात. बऱ्याच वेळानं लक्षात आलं की मागं पायांचा आवाज येत नाही.

सुमी वाटेच्या मधोमध उभी होती.

"चल ना," मी म्हटलं. "मोठी ना तू?"

"जाताना होते मोठी," ती म्हणाली. "आता जागा आहे ना? घ्या ना मला."

मी मागं गेलो. खाली बसून तिचे पाय बघितले. टाचांना फोड येऊन फुटलेले होते, ते आजचे नव्हते. जाताना किन्हवलीपासून नदीपर्यंतची ही सगळी वाट ती चालून गेली होती, चार वर्षांचं पोर, आणि मी ते बघितलं नव्हतं. तिनंही सांगितलं नव्हतं.

मी तिला उचलली. ती मनीहून खूप जड होती; पाय माझ्या मांड्यांपर्यंत लोंबत होते. दुखऱ्या खांद्यावर तिनं हनुवटी टेकवली. मला वाटलं झोपली. मग तिनं डोकं वर केलं.

"बाबा," ती म्हणाली, "इथून किती लांबचं दिसतं."